हर्णैचें बंदर व आमची पाऊणकी

आम्ही द्वारकेंत राहतों. हें वाक्य वाचून एखाद्या भाविक वाचकाच्या डोळ्यांपुढें सौराष्ट्राचा किनारा व रणछोडरायाच्या देवळाचें उंच शिखर उभें राहील, म्हणून आरंभींच खुलासा केलेला बरा. आमची द्वारका नाशिक शहरांतली. मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याचा रस्ता जेथें एकमेकांस मिळतात त्या चौकाचें हें नांव, आणि त्या चौकाच्या आधारानें जी वस्ती वाढली तींतच आमचें बिऱ्हाड आहे. येथें भरती येते ती मोटारींची, आणि त्या भरतीला ओहोटी ठाऊक नाहीं.

एके संध्याकाळीं आम्ही नातवाला श्रीकृष्णानें समुद्रांत द्वारका वसविल्याची कथा सांगत होतों. पोर दहा वर्षांचें. कथा संपतांच त्यानें विचारलें, "आजोबा, मग आपल्या द्वारकेंत समुद्र कां नाहीं?" या प्रश्नाला आमच्या अध्ययनांत उत्तर नव्हतें. आम्हीं म्हटलें, "येथें नाहीं खरा, पण तुला एक समुद्र दाखवितों. त्याच्या कांठीं तुझा आजोबा चार वर्षें मास्तर होता." अशा रीतीनें गेल्या पौषांत आमचें सबंध घर, म्हणजे आम्ही, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई व नातू, हर्णैच्या वाटेला लागलें.

आमची विद्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतची. घरीं वडिलांपाशीं रूपावलि, अमरकोश व दोन-चार काव्यनाटकें झालीं होतीं. पुढें शिक्षकाची सनद घेतली आणि १९८३ सालीं पहिली नेमणूक झाली ती हर्णैच्या आसपासच्या एका प्राथमिक शाळेंत. त्या शाळेचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. कारण पुढें जो दोष सांगावयाचा आहे तो शाळेचा नसून आमचा आहे.

हर्णै हें रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतलें मासेमारीचें जुनें बंदर. मुंबईहून गोव्याच्या रस्त्यानें महाड गांठावें, तेथून पुढें दापोलीस जावें, आणि दापोलीहून आसूदची नारळी-पोफळीची गर्द झाडी मागें टाकून खालीं उतरावें. समुद्र दिसण्याच्या आधीं त्याचा वास येतो. मग कांठावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला हे तीन लहान किल्ले, आणि समोर पाण्यांत, हाक मारली तर ऐकूं जाईल असा वाटणारा, सुवर्णदुर्ग. कनकदुर्गावर दीपगृह आहे. फत्तेगडाची तटबंदी कोळीवाड्याच्या घरांत हरवून गेली आहे. शेजारींच पाजपंढरी ही कोळ्यांची मोठी वस्ती. उत्तरेस जोग नदीच्या खाडीपलीकडे आंजर्लें व तेथला कड्यावरचा गणपती. दक्षिणेस मुरूड, महर्षि अण्णासाहेब कर्व्यांचें गांव. लहानपणीं परीक्षेसाठीं ते येथून साताऱ्यापर्यंत पायीं गेले, आणि वयानें लहान दिसतात म्हणून परीक्षेला न बसवितां परत पाठविले गेले, ही हकीकत आम्ही दरवर्षीं वर्गांत सांगत असूं. वरवरच्या रूपावरून मुलाची परीक्षा करणाऱ्या त्या गृहस्थांवर आम्ही मुलांसमोर चांगलें तोंडसुखहि घेत असूं.

सुवर्णदुर्गाचा इतिहास तर आमचा मोठा आवडता विषय. कान्होजी आंग्र्यांच्या पराक्रमाचा आरंभ याच किल्ल्यावर झाला. १७२९ सालीं ते निवर्तले. पुढें किल्ला त्यांचे पुत्र तुळाजी यांच्या हातीं आला. तुळाजींचें व नानासाहेब पेशव्यांचें वांकडें आलें, आणि पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली. एप्रिल १७५५ मध्यें कमोडोर विल्यम जेम्स यानें समुद्रांतून तोफा डागून थोड्याच दिवसांत सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत विजयदुर्गहि पडला व आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. आपल्याच दर्यावरचें बळ परक्याच्या हातून मोडविणाऱ्या त्या नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयांत आमच्या नाशकांतच गोदातीरीं येऊन राहिल्या होत्या. सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे आला खरा. पण १८१८ सालीं तो इंग्रजांकडे गेला तो गेलाच. जेम्सच्या विधवेनें पतीच्या स्मरणार्थ १७८४ सालीं लंडनच्या शूटर्स हिल या टेकडीवर एक तीनकोनी मनोरा बांधविला. त्याचें नांव 'सेव्हर्नड्रूग'. आपल्या सुवर्णदुर्गाचेंच तें साहेबी उच्चारण. आणि जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले, त्यांत सुवर्णदुर्गाचें नांव आहे. ती बातमी वाचली तेव्हां आम्हीं घरांत पेढे वांटले होते.

हें सगळें आम्हांस मुखोद्गत होतें. ठाऊक नव्हता तो किल्ला आणि आमची शाळा यांच्या मधला वाळूचा पट्टा. त्या काळीं सायंकाळीं मासेमारीचे मचवे परत येत व खोल पाण्यांत नांगर टाकून उभे राहत. माल लहान होड्यांतून कांठाकडे येई, आणि बैलगाड्या छातीइतक्या पाण्यांत शिरून तो बाहेर आणीत. वाळूवर पापलेट, सुरमई, बांगडे, कोळंबी यांचे ढीग पडत, आणि लिलावाचा असा गलका उठे कीं नवख्याला भांडण चालल्याचा भास व्हावा. कोळणी एका नजरेंत ढिगाची किंमत करीत व भाव तोंडावर फेकीत. बांबूंच्या आडव्यांवर बोंबील वाळत असत. आम्ही ब्राह्मणआळींत राहत असूं. शाळेंत जातांना हा पट्टा ओलांडावा लागे, तेव्हां उपरण्याचें टोंक नाकाशीं धरून आम्ही झपझप चालत असूं. श्रावणी पौर्णिमेला आमच्या आळींत पंचगव्य घेऊन जानवीं बदललीं जात, आणि त्याच दिवशीं कोळीवाडा नटूनथटून वाजतगाजत समुद्राला नारळ अर्पण करावयास निघे. तिथि एकच, चंद्र एकच. पण चार वर्षांत एकदांहि तो सोहळा पाहावयास आम्ही गेलों नाहीं.

आतां दोषाची गोष्ट.

जुन्या वाचकांस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे आठवत असतील. सरकारी पुस्तकांतून ते केव्हांच गेले होते. परंतु आमचा त्यांवर लोभ असल्यामुळें आम्ही ते चौथीच्या मुलांकडून हट्टानें पाठ करून घेत असूं. १९८५ सालीं चौथींत एक कोळ्याचा मुलगा होता. अंगानें किडकिडीत, बोलण्यांत जवळजवळ मुका. हजेरीपुस्तकांत त्याच्या नांवापुढें दर पंधरवड्यास चार-पांच गैरहजेरीच्या खुणा पडत, आणि त्या नेमक्या पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागें. आम्ही सहकाऱ्यांत थट्टेनें म्हणत असूं, "हें पोर पर्वकाळ पाळतें, पर्वणी आली कीं याला शाळा वर्ज्य." एके दिवशीं आम्हीं त्याला पाऊणकी म्हणावयास उभें केलें. "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण..." येथें गाडें अडलें. आम्हीं छडी उचलली. वर्ष संपतांना त्याच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला: "गणितांत मंद. अभ्यासाची आवड नाहीं." बापाचा आंगठा उठून पुस्तक परत आलें, आणि जूनमध्यें तो मुलगा शाळेंत आला नाहीं. दरवर्षीं अशीं कांहीं मुलें गळतच. आम्ही पटावरून त्याचें नांव कमी करून मोकळे झालों, व पुढें तें विसरलोंहि.

यंदा पौषांतल्या त्या सकाळीं आम्ही किल्ल्यावर जाण्यासाठीं कांठावर होडीची चौकशी करीत होतों. पन्नाशीचा एक काळासांवळा, रुंद खांद्यांचा तांडेल पुढें आला. भाडें ठरलें. आम्ही सूनबाईंना होडींत जपून बसण्याविषयीं सांगत होतों, तोंच तो थबकून म्हणाला, "गुरुजी ना तुमी? आवाज वळखला."

त्यानें स्वतःचें नांव सांगितलें. क्षणभर कांहीं उमजलें नाहीं. मग तें हजेरीपुस्तक, त्या खुणा, ती छडी, सगळें एकदम वर आलें. वर्गांत ज्याला 'अरे' म्हणत होतों त्याला आतां 'अहो' म्हणावें कीं काय, या विवंचनेंत जीभ अडखळली. त्यानें मात्र वांकून आमच्या पायांस हात लावला, सौभाग्यवतींना हाताला धरून होडींत घेतलें आणि यंत्र सुरू केलें.

वाटेंत तो नातवाशीं बोलूं लागला. "बाळा, आज तिथि काय?" नातवानें बापाकडे पाहिलें, बापानें खिशांतून मोबाइल काढला. तांडेल हंसून म्हणाला, "आज सष्टी. सहा पाऊण साडेचार. साडेचारला पुरी भरती. तंवर किल्ला बघून परत येऊं."

आम्ही चमकलों. म्हटलें, "काय म्हणालांत? सहा पाऊण?"

"साडेचार," तो सहज म्हणाला. "चौथ असंल तर चार पाऊण तीन. आठम असंल तर सहा. आमच्या आज्यापासून असंच चाललंय."

"म्हणजे पाऊणकी तुम्हांला येत होती?"

सुकाणूवरची नजर न काढतां तो म्हणाला, "तुमी साळंत विचारलीत ती नुसती आकड्यांची, गुरुजी. तिथि म्हणून विचारली असतीत तर पंधरापर्यंत सांगितली असती."

वाचकहो, याचा हिशेब आम्हीं रात्रीं बसून केला, तो येथें देतों. आमच्या या किनाऱ्यावर पौर्णिमेला व अमावास्येला पूर्ण भरती साधारण बाराच्या सुमारास असते, एकदां दिवसा व एकदां रात्रीं. चंद्र रोज मागें पडतो, आणि त्याच्यामागें भरतीहि रोज मागें पडते. पंधरा तिथींत ही वेळ बारा तासांनीं सरकते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटें. कोळी तिथीला पाऊण तास धरतो. चूक तीन मिनिटांची. पंधरवड्यांत ती पाऊण तासावर जाते न जाते तोंच पौर्णिमा किंवा अमावास्या येते, आणि हिशेब पुन्हां बारापासून सुरू होतो. ना कागद, ना घड्याळ. तिथि ठाऊक असली कीं पुरें. पाऊणकीचा याहून नेटका उपयोग आमच्या उभ्या नोकरींत आम्हांस कोणी दाखविला नव्हता. आम्ही रोज सकाळीं पंचांगांतली तिथि वाचून संकल्प सोडीत आलों; पण त्या तिथीचा आणि शंभर पावलांवरच्या पाण्याचा मेळ घालून पाहण्याचें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं.

आणि त्या 'पर्वकाळ पाळण्या'चा उलगडाहि त्याच होडींत झाला. त्याच्या बापाचें डोलीचें जाळें होतें. तें समुद्रांत एका जागीं बांधून ठेवलेलें असतें. वाहत्या पाण्याबरोबर मासळी त्यांत शिरते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागें उधाण येतें, पाण्याला ओढ असते, तेव्हां जाळें भरतें. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मंद, जाळें रिकामें. घरांत काम करणारे हात दोन. म्हणून उधाणाच्या दिवसांत हा पोर होडीवर, आणि भांगाच्या दिवसांत शाळेंत. "आजबी भांगाकडंच पाणी हाय, म्हणून तर पावणे नेतोय," तो म्हणाला. उधाण आणि भांग हे शब्द आमच्या कानांवरून शेंकडों वेळां गेले असतील. हजेरीपुस्तकाशीं ते आम्हीं एकदांहि ताडून पाहिले नाहींत.

थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मग आम्हीं, विचारूं नये तें विचारलें. "तें प्रगतिपुस्तक...?"

"आईनं पेटींत जपून ठेवलं होतं. वीस सालच्या वादळांत छपरासंगट पेटी गेली." ३ जून २०२० रोजीं जें 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें, ज्यानें दापोली तालुक्यांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, त्याविषयीं तो बोलत होता. आमच्या मनांत आलें, एक बरें झालें. तोंच तो पुढें म्हणाला, "पण ती वळ पाठ हाय मला."

आम्हीं सदतीस वर्षें शिकविलें. निरोपाच्या समारंभांत शाल व श्रीफळ घेतलें. कोणा विद्यार्थ्यापुढें चूक कबूल करण्याचा प्रसंग त्या सबंध काळांत आम्हीं येऊं दिला नव्हता. आम्हीं म्हटलें, "तांडेल, ती ओळ चुकीची होती. मंद आम्ही होतों."

त्यानें उत्तर दिलें नाहीं. होडी किल्ल्याच्या वाळूला लागली, तेव्हां तो आधीं पाण्यांत उतरला व हात पुढें करून म्हणाला, "पाय जपून टाका, गुरुजी. शेवाळ हाय."

सुवर्णदुर्गाचें महाद्वार किनाऱ्याकडे तोंड करून आहे, पण बुरुजांच्या आडोशास असल्यामुळें अगदीं जवळ गेल्यावांचून दिसत नाहीं. पायरीवर कासव कोरलेलें आहे आणि बाजूला भिंतीवर मारुति. आंत पाण्याचीं टांकीं, पडक्या इमारती व माजलेलें रान. नातवाला आम्हीं कान्होजी सांगितले, जेम्स सांगितला, लंडनचा मनोरा सांगितला. मग तांडेलानें त्याला तटावर नेऊन खालचें पाणी दाखविलें. कोठें खडक बुडालेला आहे, कोणत्या तिथीला होडी कोणत्या बाजूनें आणावी, रात्रीं दिव्यावरून अंतर कसें धरावें, हें तो सांगत होता. तें ऐकतांना आम्हांस दिसलें कीं आंग्र्यांच्या आरमाराची गोष्ट आम्ही आजवर अर्धीच सांगत आलों. किल्ला दगडाचा, तो यादींत जाऊन बसला. पण ज्या खलाशांनीं हें पाणी तिथीवर मोजून त्यांत गलबतें हांकलीं, त्यांचें ज्ञान कोणत्याहि यादींत नव्हतें. तें या कोळ्यांच्या व मुसलमान दर्यावर्द्यांच्या घरांतून तोंडोतोंडीं चालत राहिलें, आणि आम्हीं त्याला मंद म्हटलें.

परत येतांना शाकुंतलाचा सहावा अंक राहून राहून आठवत होता. तेथें एक धीवर येतो. त्याच्यापाशीं राजाची आंगठी सांपडते म्हणून शिपाई त्याला बांधून आणितात, वाटेंत त्याच्या धंद्याची टवाळी करितात. वडिलांपाशीं तो प्रवेश वाचतांना आम्हींहि शिपायांबरोबर हंसलों होतों. पण त्या धीवरानें माशाच्या पोटांतून आणिलेली आंगठी पाहिल्यावांचून दुष्यंताला आपण काय विसरलों हें कळलें नाहीं. राजाचें जें झालें तेंच त्या दिवशीं एका पेन्शनर मास्तराचें झालें.

ज्यांस हर्णैला जावयाचें असेल त्यांनीं थंडीच्या दिवसांत जावें. पावसाळ्यांत, जून व जुलै या दोन महिन्यांत, माशांच्या विणीसाठीं मासेमारीस बंदी असते व बंदर ओस दिसतें. आमच्यासारख्या शाकाहारी मंडळींना मुरूड व आंजर्लें येथें घरगुती जेवण सुखानें मिळतें. सोलकढी व उकडीचे मोदक सोडूं नयेत. पण एक संध्याकाळ लिलावासाठीं राखून ठेवावी, आणि उपरणें नाकाशीं न धरतां उभें राहावें. सूनबाईंनीं आम्हांस तेथें अर्धा तास उभें केलें. एक म्हातारी कोळीण बोटांच्या पेरांवर जो हिशेब करीत होती, त्याला आमच्या चौथीच्या वर्गांत पैकीच्या पैकी गुण पडले असते.

तेथें सगळें सुखाचें आहे असें मात्र नाहीं. तांडेल सांगत होता, मासळी पूर्वीसारखी राहिली नाहीं. विजेचे प्रखर दिवे समुद्रांत सोडून मासे ओढून घेण्याची जी रीत निघाली, ती केंद्र सरकारनें २०१७ सालीं मना केली. तरी अंधारांत दूरवर तसले दिवे दिसतात, असें तो म्हणाला. त्याच्या होडीवर वाट दाखविणारें यंत्र आहे, भरतीची वेळ मोबाइलवरहि मिळते. आम्हीं विचारलें, "मग तिथि कशाला मोजतां?" त्यानें वर बोट केलें. "बॅटरी बसली, तरी चांद कुठं जातो, गुरुजी?" भाड्याचे पैसे त्यानें घेतले नाहींत. सौभाग्यवतींनीं बरोबरच्या डब्यांतले बेसनाचे लाडू त्याच्या घरीं धाडले. त्याच्या घरून आम्हांस चार शहाळीं आलीं.

आम्ही द्वारकेस परतलों त्याला आतां महिना होत आला. नातवानें आमचें पंचांग आपल्या खोलींत नेलें आहे. दिवेलागणीला तो गच्चीवर जातो, चौकांतल्या मोटारींच्या गोंगाटावर आवाज चढवून खालीं ओरडतो, "आजोबा, आज एकादशी! हर्णैला सव्वाआठ!" पाऊणकी त्याला आठ दिवसांत पाठ झाली. आम्हीं छडी उचलली नाहीं.

आमच्याकडून एकच काम राहिलें होतें. तोंडानें कबूल केलें, पण शेरा लिहिलेला होता, आणि लिहिलेलें लिहूनच दुरुस्त केलें पाहिजे, अशी शाळाखात्याची शिस्त आहे. म्हणून गेल्या आठवड्यांत आम्हीं एक कार्ड घेतलें, वर त्याचें पूर्ण नांव घातलें, खालीं लिहिलें: "इयत्ता चौथी. गणितांत हुशार. मागील शेरा चुकीनें पडला होता, तो रद्द समजावा." सही केली, तारीख घातली आणि टपालांत टाकलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. पण आज अमावास्या. उधाणाचे दिवस आहेत. सवड झाली म्हणजे येईल.